लेझर स्कॅनमधून देवळाचा पृष्ठभाग उभारताना: जागेवरच्या तिवईपासून शेवटच्या मेशपर्यंत

बुलढाणा, वाशीम, अकोल्याच्या पट्ट्यात गावाबाहेर, एखाद्या वावराच्या धुऱ्याला लागून काळ्या दगडाचं शिवालय दिसणं नवलाचं नाही. लोणारच्या दैत्यसूदनासारखी काही मंदिरं नावाजलेली आहेत. बाकीची बरीचशी गावाच्या भरवशावर उभी आहेत: शिखर ढासळलेलं, तुळईला तडा, जोत्यात पिंपळ. अशा देवळाची आजची अवस्था मिलिमीटरच्या हिशेबात नोंदवून ठेवायची तर लेझर स्कॅनरइतकं भरवशाचं साधन दुसरं नाही. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं स्कॅनिंग अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने २०१० मध्ये केलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये छत जळून पडलं, तेव्हा ती मोजमापं पुनर्बांधणीच्या कामी आली.

पण स्कॅनर आपल्याला दगड देत नाही, बिंदू देतो. कोट्यवधी बिंदू, प्रत्येकाचे तीन आकडे. दोन बिंदूंच्या मध्ये काय आहे ते स्कॅनरला माहीत नसतं. तिथे पृष्ठभाग आहे असं आपण म्हणतो, सॉफ्टवेअरच्या मदतीने म्हणतो (बिंदू जोडून विणलेल्या त्रिकोणांच्या या पृष्ठभागाला मेश म्हणतात), आणि वारशाच्या कामात खरी जोखीम इथेच आहे. तयार मॉडेलच्या कोणत्याही तुकड्यावर बोट ठेवून 'हा मोजलेला आहे' किंवा 'हा मानलेला आहे' हे सांगता आलं पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी या एका कसोटीवर घासून घ्या. हे लिखाण इंजिनिअरिंगची मुलं, सर्व्हेवाले आणि गावोगावच्या इतिहास मंडळांसाठी आहे. स्कॅनर भाड्याने मिळतो. पुढचं सगळं काम क्लाउडकम्पेअर, मेशलॅब आणि ब्लेंडर या तीन मोफत सॉफ्टवेअरवर होतं.

परवानगी आणि हंगाम

देऊळ केंद्राच्या १९५८च्या कायद्याखाली संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संबंधित मंडळ कार्यालयाची, राज्याच्या १९६०च्या कायद्याखाली असेल तर राज्य पुरातत्त्व संचालनालयाची लेखी परवानगी आधी काढा. कुठेच नोंद नसेल तरी ग्रामपंचायत, देवस्थानाचे विश्वस्त आणि पुजारी यांना भेटून, काय करणार आणि गावाला त्यातून काय मिळणार ते सांगा. गुप्तधनाच्या नादात गाभारे खणून ठेवल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात. तिवई घेऊन आलेल्या अनोळखी माणसांकडे लोक संशयाने पाहतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. स्कॅनरच्या पडद्यावर आपल्याच देवळाचा मंडप उमटताना एकदा पाहिला, की तीच माणसं शिडी घेऊन येतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. बऱ्याच स्कॅनरची काम करण्याची वरची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते आणि आपल्याकडचा उन्हाळा ती सहज ओलांडतो. पावसाळ्यात दगड ओला असतो. ओला बेसॉल्ट लेझर अधिकच गिळतो, परत येणारा प्रकाश कमी पडतो आणि अंतराच्या आकड्यात गोंगाट (मोजणीतली कमी-जास्त चूक) वाढतो. मुळात काळा बेसॉल्ट हा स्कॅनरसाठी अवघड दगड. पूर्वेकडे चंद्रपूरच्या बाजूचा फिकट वालुकाश्म त्या मानाने सोपा. सोमवार आणि श्रावण टाळा. त्याला गर्दी हे एक कारण आहेच, दुसरं कारण पाणी. अभिषेकाने ओली झालेली फरशी आरशासारखी वागते आणि छताचे बिंदू फरशीच्या खाली उमटतात. जमिनीखाली उलटा मंडप दिसला तर तो याचाच परिणाम समजा. फरशी पुसून, वाळू द्या.

स्टेशन कुठे लावायची

बिंदूंमधलं अंतर स्कॅनरपासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतं. १० मीटरवर ६ मिमी असलेली घनता २० मीटरवर १२ मिमी होते. शिवाय पृष्ठभाग तिरपा असेल तर किरणाचा ठिपका लांबट होतो. ६० अंश तिरपेपणात तो दुप्पट ताणला जातो. म्हणून भिंतीला घासून जाणाऱ्या किरणांवर भिस्त ठेवू नका, शक्य तितकं समोरून बघा. जो सर्वांत बारीक तपशील हवा आहे त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर बिंदू पडले पाहिजेत. द्वारशाखेवरची ४ मिमीची वेलबुट्टी हवी असेल तर २ मिमीहून दाट स्कॅन लागेल. तो फक्त दारापुरता करा, सगळ्या देवळाचा नको.

मंडपात दोन-दोन खांबांच्या मधल्या प्रत्येक गाळ्यात एक स्टेशन, म्हणजे तिवई लावून स्कॅन घ्यायची जागा, धरा. खांबाच्या चारही बाजू कोणत्या ना कोणत्या स्टेशनवरून दिसायलाच हव्यात. बाहेरून संपूर्ण प्रदक्षिणा घाला आणि शेवटच्या स्टेशनवरून पहिल्या स्टेशनचा भाग पुन्हा दिसेल असं वर्तुळ पुरं करा. शेजारच्या दोन स्टेशनांमध्ये निदान एक तृतीयांश भाग सामाईक असू द्या. आत आणि बाहेर यांना जोडणारं एक स्टेशन बरोबर उंबरठ्यावर लावा. हे सुटलं तर भिंतीची जाडी कुठूनच कळत नाही. गाभारा आणि अंतराळ (गाभाऱ्यापुढची छोटी खोली) काळोखात असले तरी लेझरला उजेड लागत नाही, रंगाच्या फोटोसाठी मात्र दिवे न्या.

जमिनीवरून छज्जाची वरची बाजू आणि देवळाचं छत दिसत नाही. शेजारच्या घराची गच्ची, मचाण किंवा ड्रोन, यापैकी काहीतरी लागेल. ड्रोनसाठी २०२१च्या नियमांप्रमाणे तो भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर तपासा, आणि संरक्षित स्मारकावर उडवायचं असेल तर वेगळी परवानगी काढा. छताखाली आग्या मोहोळ असेल तर ती जागा तशीच सोडा.

आयफोन प्रोमधल्या लायडारबद्दल, म्हणजे फोनमधल्या छोट्या लेझर स्कॅनरबद्दल, हमखास विचारणा होते. तो पाचेक मीटरपर्यंतच पाहतो आणि त्याची अचूकता सेंटिमीटरच्या घरातली आहे. कच्च्या आराखड्याला ठीक. तडे आणि कोरीवकाम नोंदवायला नाही.

निघण्यापूर्वी टेपने पाच-सहा मापं घ्या: खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं, दाराची रुंदी, गाभाऱ्याचे कर्ण. वहीत लिहून ठेवा. पुढे हीच मापं साक्षीला लागतात.

जोडणी: इथे वेळ द्या

प्रत्येक स्टेशनचा स्कॅन आपापल्या जागी शून्य धरून बसलेला असतो. ते सगळे एका चौकटीत आणायचे. पद्धत ठरलेली: आधी सामाईक खुणा किंवा तीन-चार ठळक कोपरे दाखवून ढोबळ जुळवणी, मग आयसीपी. बेसल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही रीत दोन बिंदूसमूहांतले जवळचे बिंदू पुन्हापुन्हा जोडत, फरक कमी करत जाते. तिला सुरुवात चांगली मिळाली तर ती उत्तम काम करते, वाईट मिळाली तर चुकीच्या जागी घट्ट बसते.

हेमाडपंती मंडपात हा धोका मोठा आहे. खांब एकसारखे, एकसारख्या अंतरावर. ढोबळ जुळवणी थोडी सरकलेली असेल तर आयसीपी एक संपूर्ण गाळा चुकवून शेजारच्या खांबावर खांब बसवते, आणि आकडा मात्र देखणा दाखवते, २-३ मिमीचा. म्हणून एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. जुळवणीसाठी असमान गोष्टी निवडा: खांबाच्या माथ्यावरचा फुटलेला हस्त (तुळई पेलणारा आधार), एकाच खांबावरचा शिलालेख, तुळईचा तडा, कोपऱ्यात टेकवून ठेवलेली वीरगळ. काही स्कॅनरसोबत येणारे पांढरे गोल किंवा चौकटीचे कागदी फलक मंडपात तिवयांवर ठेवा. देवळाच्या दगडावर काहीही चिकटवायचं नाही.

आता तपासणी. जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीवर ५ मिमी जाडीचा आडवा काप घ्या आणि वरून पाहा. एका खांबापर्यंत झूम करा. चौकोनी खांबाची प्रत्येक कड एकाच रेषेने दिसली पाहिजे. दोन समांतर रेषा दिसल्या, म्हणजे तीच बाजू एका स्टेशनने जिथे पाहिली आणि दुसऱ्या स्टेशनने जिथे पाहिली, त्यांच्यात फट आहे. ती फट मोजा. ४ मिमी असेल तर तुमच्या सगळ्या कामाची खरी अचूकता ४ मिमी, मग माहितीपत्रकात १ मिमी का लिहिलेलं असेना. असे काप सगळ्या खांबांवर घ्या, मग उभे काप घ्या. प्रदक्षिणेच्या शेवटच्या आणि पहिल्या स्टेशनमध्ये चूक साचलेली दिसते. ती एकाच जोडात ढकलून न देता सगळ्या स्टेशनांवर वाटून द्यावी लागते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सर्व स्कॅनचं एकत्रित समायोजन असतं. रेषा जुळेपर्यंत पुढच्या पायरीला हात लावू नका. दुहेरी रेषेवर उभारलेला मेश खडबडीत होतो, आणि मग तो गुळगुळीत करण्याचा मोह होतो.

एक तांत्रिक सापळा इथेच सांगून ठेवतो. देऊळ नकाशावरच्या खऱ्या जागी बसवायचं असेल तर लोणार, अकोला, अमरावती यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३व्या झोनमध्ये येतात आणि यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर ४४व्या. ७८ पूर्व रेखांश विदर्भाच्या मधून जातो. आपल्याकडे उत्तरेचा आकडा, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, २२ लाख मीटरच्या पुढे असतो. बरीच मेश सॉफ्टवेअर ३२ बिटच्या संख्येत काम करतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्यावर त्यांची पायरी २५ सेंमीची होते. बारीक वेलबुट्टी पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते. क्लाउडकम्पेअर फाइल उघडतानाच आकडे सरकवू का म्हणून विचारतो. हो म्हणा आणि सरकवलेला आकडा नोंदवून ठेवा.

नॉर्मल: एकत्र करण्याआधी

पृष्ठभाग उभारणाऱ्या पद्धतींना प्रत्येक बिंदूपाशी दगड कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे हवं असतं. त्या दिशेला नॉर्मल म्हणतात. शेजारचे बिंदू घेऊन ती काढता येते, पण दगडाची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे नुसत्या बिंदूंवरून ठरत नाही. ते स्कॅनरच्या जागेवरून ठरतं: किरण ज्या बाजूने आला ती बाहेरची. म्हणून नॉर्मल प्रत्येक स्कॅनवर वेगवेगळे, स्कॅनरची जागा वापरून काढा आणि मगच स्कॅन एकत्र करा. इ५७ या स्कॅन साठवण्याच्या फाइलमध्ये ही जागा साठवलेली असते. सगळे स्कॅन आधी एकत्र केले की ती माहिती निसटते, आणि मग आकडेमोडीने अंदाज लावावा लागतो. तो अंदाज पातळ छज्ज्यावर आणि जाळीदार खिडकीवर हमखास चुकतो.

नॉर्मल काढताना शेजारची त्रिज्या बिंदूंच्या अंतराच्या तीन-चार पट घ्या. फार मोठी घेतली तर खांबाच्या धारदार कडा बोथट होतात.

साफसफाई

खांबाच्या कडेवर किरणाचा अर्धा ठिपका खांबावर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडतो, आणि स्कॅनर दोन्हींच्या मध्ये हवेत एक बिंदू देतो. असे बिंदू प्रत्येक कडेमागे शेपटासारखे लोंबतात. आधी ते काढा. शेजाऱ्यांपासून दूर पडलेले बिंदू काढणारा सांख्यिकी फिल्टर पुरतो, पण हलक्या हाताने चालवा. माणसं, शेळ्या, वटवाघळं हाताने काढा. पिंपळाची मुळं आणि झाडोरा पुसू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मूळ कोणत्या सांध्यात शिरलंय ही संवर्धन करणाऱ्याला लागणारी पहिली माहिती असते. शुष्कसांधी बांधकामात, म्हणजे चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेल्या भिंतीत, सांधा उघडणं हेच दुखण्याचं मूळ.

बिंदू गुळगुळीत करणारे फिल्टर मला कोरीव भागावर अजिबात मान्य नाहीत. स्कॅनचा गोंगाट एक-दोन मिमीचा असतो आणि छिन्नीच्या खुणाही तेवढ्याच खोल असतात. फिल्टरला त्यातला फरक कळत नाही. पाथरवटाच्या हाताची खूण आपण पुसायची आणि मॉडेल छान दिसतं म्हणायचं, हा सौदा वारशाच्या कामात होऊ नये. गुळगुळीत हवंच असेल तर सपाट भिंतीपुरतं करा.

शेंदूर ही आपल्याकडची खास बाब. गणपतीवर, मारुतीवर, कधी द्वारपालांवरही पिढ्यान्‌पिढ्यांचे थर असतात. स्कॅनर शेंदराचा वरचा पृष्ठभाग मोजतो, मूर्तीचा नाही. तेलाने चमकणाऱ्या भागात भोकं आणि ओरखडे दिसतात. तिथे वेगवेगळ्या कोनांतून जास्त स्कॅन घ्या आणि नोंदीत 'शेंदराचा थर' असं स्पष्ट लिहा. तो खरवडायचा हक्क आपल्याला नाही.

पृष्ठभाग उभारणं

दोन रस्ते आहेत. पहिला बॉल पिव्होटिंग, १९९९चा. ठरावीक त्रिज्येचा एक काल्पनिक गोळा बिंदूंवरून फिरवायचा. तो ज्या तीन बिंदूंवर एकाच वेळी टेकतो तिथे त्रिकोण. गोळ्याची त्रिज्या बिंदूंच्या अंतराच्या दीड-दोन पट ठेवा. या मेशचे कोपरे म्हणजे प्रत्यक्ष मोजलेले बिंदूच, आणि बिंदू नाहीत तिथे भोक तसंच राहतं. प्रामाणिक पद्धत, पण गोंगाट जसाच्या तसा उतरतो.

दुसरा पॉयसन. काझदान, बोलिथो आणि हॉप यांनी २००६ मध्ये मांडलेली, २०१३ मध्ये स्क्रीन्ड रूपात सुधारलेली. सगळ्या नॉर्मलना एकत्र बसेल असा एकच सलग पृष्ठभाग ती शोधते. गोंगाट सहन करते, कोरीवकाम सुंदर उतरवते. पण तिचा स्वभाव भोकं बुजवण्याचा. छताचे बिंदू नसतील तर ती देवळावर गोधडी पांघरल्यासारखा फुगीर पडदा टाकते, आणि तो पडदा खऱ्या दगडाच्याच रंगात, तितक्याच आत्मविश्वासाने दिसतो.

पॉयसनमध्ये मुख्य आकडा ऑक्ट्री डेप्थ. तो ११ असेल तर जागेच्या एका बाजूचे २ चा ११वा घात, म्हणजे २०४८ भाग होतात. देऊळ २० मीटर लांब असेल तर एक घर साधारण १ सेंमीचं. १२ ला अर्धा सेंमी. १३ ला अडीच मिमी. दर पायरीला त्रिकोण आणि मेमरी साधारण चौपट. बिंदूंमधलं अंतर ६ मिमी असताना १३ देण्यात अर्थ नाही. नसलेला तपशील त्यातून येत नाही, फक्त गोंगाटाला आकार मिळतो. म्हणून देवळाचे तुकडे पाडा: अधिष्ठान, मंडप, द्वारशाखा, गाभारा, बाहेरची जंघा (जोत्यावरची भिंत). शेजारच्या तुकड्यांत थोडी कड सामाईक ठेवा. मग दाराच्या ३ मीटरच्या तुकड्यावर डेप्थ ११ दिली तरी दीड मिमीचं घर मिळतं.

क्लाउडकम्पेअरमधलं पॉयसन प्रत्येक कोपऱ्याला घनतेचा आकडा देतं. हा पर्याय चालू ठेवाच. कमी घनतेची टोकं कापत गेलं की पडदे गळून पडतात. किती कापायचं याचा एक नियम नाही: मूळ बिंदू मेशवर ठेवा आणि जिथे बिंदू संपतात तिथे मेश संपेपर्यंत आकडा सरकवा. माझी शिफारस: कोरीव भागांना पॉयसन आणि काटेकोर छाटणी, सपाट भिंती, जोतं आणि पडलेल्या दगडांना बॉल पिव्होटिंग. मोजणीचे आराखडे काढायचे असतील तर मेशच्या भानगडीत न पडता थेट बिंदूंवरूनच काढा.

उरलेली भोकं

स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या व्हेनिस सनदेचं ९वं कलम सांगतं की जिथे अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. दगडाला लागू असलेला हा नियम त्रिकोणांनाही लावा. सपाट दगडावरचं दोन-तीन सेंमीचं भोक, चारी बाजूंनी मोजलेलं, बुजवायला हरकत नाही. कीर्तिमुखाचा जबडा, मूर्तीचा तुटका हात, शिखराचा गेलेला भाग यांना हात लावू नका.

लोकांना दाखवण्यासाठी पूर्ण देऊळ हवंच असेल तर दोन फाइल करा. एकीत फक्त मोजलेलं. दुसरीत भर घातलेले भाग, तेही दगडाच्या रंगाहून सरळ वेगळ्या, सपाट रंगात. वारशाच्या संगणकीय चित्रणाबद्दलची लंडन सनदही हीच पारदर्शकता मागते: पुराव्यावर काय उभं आहे आणि तर्कावर काय, ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. शिखर कसं असेल हे शेजारच्या तालुक्यातल्या देवळावरून ठरवलं असेल तर त्या देवळाचं नाव लिहा.

तपासणी आणि सुपूर्द करणं

मेश आणि मूळ बिंदू यांच्यातलं अंतर काढा. क्लाउडकम्पेअर ते रंगात दाखवतो. बहुतेक भाग जोडणीच्या चुकीच्या आत बसला पाहिजे. कडांवर सगळीकडे लाल दिसलं तर डेप्थ कमी पडली. मग वही उघडा आणि टेपची मापं मेशवर घेऊन पाहा.

मोबाइलवर दाखवायची प्रत लाख-दोन लाख त्रिकोणांपर्यंत उतरवा आणि बारकावा टेक्स्चरमध्ये, म्हणजे मेशवर चढवायच्या चित्रात, बेक करा. ती प्रत दाखवण्यापुरतीच. जपायचे ते कच्चे स्कॅन इ५७ मध्ये, मेश पीएलवाय मध्ये, आणि सोबत साध्या मजकुराची एक फाइल: तारीख, यंत्र, स्टेशनांचा नकाशा, जोडणीची चूक, डेप्थ, छाटणीचा आकडा, कुठे शेंदूर, कुठे भर. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. ग्रामपंचायतीला प्रत द्या आणि ती कशी उघडायची ते तिथल्या संगणकावर दाखवून या.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा स्कॅन करून तडा वाढला का हे पाहायचं असेल, तर आजच आवाराबाहेर, देवळाच्या पायापासून दूर, गावाच्या संमतीने काँक्रीटचे तीन-चार पक्के खुंट रोवून ठेवा. पुढचा स्कॅन त्या खुंटांवर बसवा, देवळावर नाही. देऊळच हललं असेल तर त्यावर जुळवणी केल्याने हालचाल लपते. तुलना मेशची न करता मूळ बिंदूंची करा, त्यासाठी क्लाउडकम्पेअरमध्ये एम३सी२ ही पद्धत आहे. दोन्ही वर्षांची जोडणी ४-४ मिमीची असेल तर ५ मिमीचा फरक तडा वाढल्याचा पुरावा धरू नका. त्या तड्यावर आडवी खूण ठरवून व्हर्नियरने माप घ्या आणि तो आकडा त्याच मजकुराच्या फाइलमध्ये तारखेसह लिहा.